आधी पैसे भरा, मग काम!

बोरगावात माझं ऑनलाइनचं दुकान आहे. समग्र आयडी, जातीचा दाखला, लाडली बहनाची केवायसी, अशी कामं दिवसभर चालतात. हल्ली बाया मोबाइल पुढे करून म्हणतात, "ताई, एवढे पैसे टाकून द्या नं, कंपनीत भरायचे आहेत."

मोबाइलवर नटराज पेन्सिलींचा फोटो असतो. घरबसल्या पॅकिंग, महिना ३०,००० रुपये, १५,००० ॲडव्हान्स. रजिस्ट्रेशनचे काही शे रुपये भरले की आपलाच फोटो लावलेलं, शिक्का मारलेलं ओळखपत्र येतं. तिथेच बाई फसते, कारण एवढ्या मानानं तिचं नाव कुणी छापलेलं नसतं. मग कुरिअरचा खर्च, मग जीएसटी. मग कुणीतरी फोन करतो: माल घेऊन गाडी गावाजवळ उभी आहे, लेट फी टाका. आधीचे पैसे बुडू नयेत म्हणून बाई पुढचे भरते.

मी हिशेब मांडून दाखवते. पेन्सिली बोरगावपर्यंत पाठवायच्या, भरून परत न्यायच्या, वर ३०,००० पगार द्यायचा. मग पेन्सिल विकायची कितीला? नटराज बनवणाऱ्या हिंदुस्तान पेन्सिल्सनं असं घरकाम आपण देत नसल्याचं स्वतःच जाहीर केलं आहे. कंपनीचं नाव वापरून लुटणारे वेगळेच.

मग मी त्यांनी पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन करून दाखवते. कंपनीच्या जागी कुणा अनोळखी माणसाचं नाव येतं. पिन टाकण्याआधी ते नाव वाचा. आणि पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही.

घरी बसून करायचं खरं काम नसतं असं नाही. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तिथल्या भगिनी पीठ घरी नेतात, पापड लाटून आणतात आणि लाटणावळ घेतात. बाहेरच्या नोकरीचंही तसंच. आपल्या गावात रेमंडचा कारखाना आहे. तिथे जाणाऱ्याला विचारा, कामाचे पैसे मिळतात की भरावे लागतात?

शिकलेल्या पोरींसाठी जाळं वेगळं असतं. डेटा एन्ट्रीचा करार करायचा, चुका निघाल्या म्हणायचं आणि वकिलाच्या नावानं दंडाची नोटीस पाठवायची. अशी नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. घाबरून एक पैसाही भरू नका. टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करायचे थोडे पैसे खरंच देतात, मग 'टास्क'साठी हजारो मागतात. असल्या धंद्यातल्या शंभरावर वेबसाइट केंद्र सरकारनं डिसेंबर २०२३ मध्ये बंद केल्या. कमिशनसाठी आपलं खातं तर कुणाला वापरायला देऊच नका. चोरीचा पैसा त्यातून फिरला की खातं गोठतं आणि पोलीस आधी तुमच्या दारात येतात.

पैसे गेलेच, तर नवऱ्याला, सासूला कळेल म्हणून गप्प बसू नका. मला त्या गप्प बसण्याचंच जास्त वाईट वाटतं. तक्रार लवकर गेली तर पैसा पुढच्या खात्यात अडवता येतो. चोरानं काढून घेतल्यावर फार काही उरत नाही. म्हणून त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर लावा आणि व्यवहाराचा नंबर, तारीख, रक्कम सांगा. मेसेज पुसू नका. फोन लावता येत नसेल तर माझ्यासारख्या कुठल्याही दुकानात या, आम्ही लावून देऊ.