व्याघ्रगणनेचे पायदळ
वाघांची संख्या जाहीर झाली, की मथळे झळकतात. ती मोजणाऱ्यांची दखल क्वचितच घेतली जाते. पूर्वी पंज्यांचे ठसे काचेवर गिरवून गणना होई. २००५ साली सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले आणि त्या पद्धतीवरचा विश्वास उडाला. आता स्वयंचलित कॅमेरे पट्ट्यांवरून वाघ ओळखतात. परंतु विष्ठा, ओरखडे, ठसे यांच्या नोंदीसाठी वनरक्षकाला रान पायीच तुडवावे लागते. २० नोव्हेंबर २०२१ रोजी, चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबाच्या कोलारा परिक्षेत्रात, अशाच पाहणीत वाघिणीने एका महिला वनरक्षकाचा बळी घेतला. सोबत तीन मजूर होते. एवढ्या बळावर हे काम सोपविणे कितपत न्याय्य? ब्रह्मपुरीकडे तर वाघ गावशिवेवर फिरतात. तेथे कॅमेरा बांधायलाही माणूसच जातो.