कोपऱ्यातल्या पोराचा भाव काय?

न्यू जर्सीत राहणारा माझा मावसभाऊ एरवी एकदम शहाणा माणूस आहे. टॅक्स वेळेवर भरतो, जिमला जातो, मावशीला रोज फोन करतो. पण एप्रिल उजाडला की त्याचं काहीतरी बिनसतं. एनएफएलचा ड्राफ्ट तोंडावर आलेला असतो ना! अमेरिकन फुटबॉलच्या ३२ टीम्स कॉलेजमधून बाहेर पडलेली पोरं एकेक करून उचलतात. तीन दिवस, सात राउंड. आणि आमचे दादा एक्सेल शीट उघडून बसतात.

त्याचा सगळ्यात लाडका विषय म्हणजे 'पास रशर' लाइनबॅकर. समोरच्या टीमचा क्वार्टरबॅक बॉल फेकायच्या आत त्याच्यावर झडप घालणारा गडी. झडप यशस्वी झाली की तिला 'सॅक' म्हणतात. गेल्या खेपेला व्हिडिओ कॉलवर त्याने यावर अर्धा तास माझं डोकं खाल्लं. शेवटी मी म्हणाले, ''अरे दादा, हा तर आपला कबड्डीतला कोपरारक्षक झाला!'' पलीकडे दोन सेकंद शांतता. मग म्हणाला, ''अगं, खरंच की.''

तर हा लेख त्या दोन सेकंदांतून आलाय. प्रो कबड्डीचं ऑक्शन आपण टीव्हीवर चिप्स खात बघतो. अमक्याला दोन कोटी, तमक्याला वीस लाख. हे आकडे कुणी, कशावरून ठरवले? चढाईपटूचं एक वेळ समजतं. पण कोपऱ्यात वाकून उभ्या असलेल्या त्या पोराचा भाव कसा काढायचा?

टेप घेऊन माणूस मोजता येतो?

अमेरिकनांचा मोजण्यावर भारी विश्वास. ड्राफ्टच्या आधी इंडियानापोलिसमध्ये 'कम्बाइन' नावाचा मेळा भरतो. तिथे पोरांची उंची, हातांची लांबी, तळव्याची रुंदी, ४० यार्डांची धाव, उभ्या जागेवरून उडी असं सगळं मोजतात. १०२ किलोचा बार किती वेळा उचलला तेही मोजतात.

२००८ मध्ये व्हर्नन घोल्स्टन नावाच्या पठ्ठ्याने तो बार ३७ वेळा उचलला. शरीर म्हणजे पोस्टरच. न्यूयॉर्क जेट्सने त्याला सहाव्या नंबरवर उचललं. जेट्सकडे तो तीन सीझन राहिला. सॅक किती? शून्य. उलट २००३ मध्ये टेरेल सग्जची ४० यार्डांची धाव स्लो निघाली म्हणून लोकांनी नाकं मुरडली आणि तो दहाव्या नंबरपर्यंत घसरला. त्याने पुढे करिअरमध्ये १३९ सॅक काढले. जेम्स हॅरिसनला तर २००२ मध्ये कुणीच ड्राफ्ट केलं नाही. उंचीला कमी म्हणे. स्टीलर्सनी त्याला घेतलं, काढलं, पुन्हा घेतलं. २००८ मध्ये तोच एनएफएलचा सर्वोत्तम बचावपटू ठरला.

म्हणजे मोजमाप खोटं असतं का? तसं नाही. सग्जने कॉलेजच्या शेवटच्या सीझनमध्ये २४ सॅक काढले होते. तो आकडा सगळ्यांसमोर होताच, पण लोकांचं लक्ष स्टॉपवॉचवर होतं. कॅम्पस इंटरव्ह्यूत अ‍ॅप्टिट्यूड टेस्टचा टॉपर घेतला आणि त्याला क्लायंटशी बोलताच येईना, असं आपल्याही ऑफिसात घडलेलं असतंच की.

चाळीस चढाया, चार गुण

आता मॅटवर या. सामना ४० मिनिटांचा, एक चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची. म्हणजे ढोबळमानाने दोन्ही टीम्सच्या मिळून ऐंशीच्या आसपास चढाया. त्यातल्या चाळीसेक चढायांना बचाव करायचा. कोपरारक्षक बाद होऊन बाहेर बसला नसेल तर तो या प्रत्येक चढाईला तिथे असतो.

इराणचा मोहम्मदरेझा शादलू दहाव्या सीझनमध्ये पुणेरी पलटणकडून खेळला आणि पकडीचे ९९ गुण घेऊन सीझनचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. हे गुण आले २४ सामन्यांत. भागाकार करा: सामन्याला जेमतेम चार. जगातला नंबर वन बचावपटू, आणि चाळीसपैकी तीन-चार चढायांतच त्याचं नाव स्कोअरशीटवर येतं! उरलेल्या छत्तीस चढायांत तो काय करत होता?

खरा फंडा इथेच आहे. चढाईपटूची प्रत्येक चढाई मोजली जाते. गुण, बाद किंवा रिकामी, काहीतरी नोंद होतेच. कोपरारक्षकाचं तसं नाही. चढाईपटू बोनससाठी पाय टाकायला जातो, कोपऱ्यातला गडी अर्धा इंच पुढे सरकतो, पाय मागे जातो. चढाई रिकामी. स्कोअरशीटवर त्या अर्ध्या इंचाची नोंद नाही. अशा लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो'. आता चढाईपटूला आत घुसावंच लागतं, आणि त्याला पकडतो कदाचित मध्यरक्षक. गुण मध्यरक्षकाच्या नावावर. पेरलं एकाने, कापलं दुसऱ्याने.

अमेरिकेतही अगदी हेच. सामन्याला सरासरी एक सॅक काढणारा रशर म्हणजे सुपरस्टार. पण क्वार्टरबॅक तर सामन्यात तीस-चाळीस वेळा बॉल फेकायला मागे सरतो. म्हणून तिकडची हुशार मंडळी आता 'प्रेशर' वेगळं मोजतात. सॅक झाला नाही, पण याच्यामुळे क्वार्टरबॅकला बॉल घाईत फेकावा लागला का? हा पोरगा समोरच्या रक्षकाला किती वेळा, किती लवकर चुकवून गेला? दादाच्या शीटमध्ये यासाठी वेगळा रकाना आहे. पिवळ्या रंगाचा.

गुण बघा, पण गुणांच्या पोटात शिरा

आपल्याकडे पकडींचे गुण तेवढे बघून पोरगा जोखला, तर फसायचे चान्सेस जाम आहेत. मॅटवर तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना पकड झाली की ती अव्वल पकड, म्हणजे दोन गुण. आता विचार करा, कुठल्या टीमवर अशी वेळ वारंवार येते? जी सारखी मार खाते तिच्यावर! त्यामुळे पडत्या टीमच्या कोपरारक्षकाचे गुण कधीकधी फुगलेले असतात. त्याच्या अव्वल पकडी वजा करून बघा, चित्र बदलतं.

दुसरं म्हणजे फसलेल्या पकडी. घोट्यावर झेपावलात आणि पाय निसटला, तर समोरच्याला गुण मिळतो आणि तुम्ही बाहेर. मग तुमच्या टीमने समोरचा कुणी बाद करेपर्यंत बसा बेंचवर. पाच पकडींसाठी दहा वेळा उडी घेणारा आणि पाच पकडींसाठी सात वेळा घेणारा, दोघांचे गुण सारखे दिसतात. पण माझ्या मते दुसरा दुप्पट भावाचा आहे. टाळ्या मात्र पहिल्यालाच जास्त पडतात.

आणि तिसरी गोष्ट कुठल्याच शीटमध्ये नाही: शेजारी कोण होता? कोपऱ्यातला गडी घोटा धरतो, पण चढाईपटूला मध्य रेषेकडे झेपावण्यापासून अडवतो तो शेजारचा मध्यरक्षक. ही जोडी फुटली की तोच कोपरारक्षक पुढच्या वर्षी ऑर्डिनरी वाटायला लागतो. टीम लीड बदलला की तुमचं-माझं अप्रेजल बदलतं, तसंच काहीसं.

भावाचा झोका

कोपरारक्षक नेहमी स्वस्तातच गेलाय असं मात्र समजू नका. २०१४ च्या पहिल्या ऑक्शनमध्ये सगळ्यात महागडा राकेश कुमार, १२.८० लाखांना गेला. २०१६ मध्ये टॉपला होता चक्क उजवा कोपरारक्षक मोहित छिल्लर, ५३ लाख. २०१८ मध्ये यू मुंबाने इराणच्या फजल अत्राचलीवर १ कोटी लावले. डाव्या कोपऱ्यातला हा माणूस म्हणजे घोट्याच्या पकडीचं चालतंबोलतं पाठ्यपुस्तक. २०२३ मध्ये तो १.६० कोटींवर गेला. २०२४ मध्ये? ५० लाख. वय झालं, संपला, असं सगळ्यांनी ठरवलं. त्याच सीझनमध्ये तो पकडींचे ५०० गुण पूर्ण करणारा लीगमधला पहिला खेळाडू ठरला. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये दबंग दिल्लीने फायनलमध्ये पुणेरी पलटणला ३१-२८ असं हरवलं, तेव्हा दिल्लीच्या बचावात कोण होतं ओळखा.

शादलूची गोष्ट उलटी. २०२१ मध्ये पटणा पायरेट्सने त्याला ३१ लाखांत घेतलं. पहिल्याच सीझनमध्ये पकडीचे ८९ गुण, सगळ्यात जास्त. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियन गेम्सची फायनल भारताने इराणविरुद्ध ३३-२९ अशी जिंकली. गोंधळाने गाजलेला तो सामना खेळून दोनच दिवस झाले होते आणि मुंबईतल्या ऑक्शनमध्ये पुणेरी पलटणने शादलूवर २.३५ कोटी लावले. टीमच्या खर्चाची मर्यादाच ५ कोटी! बरेच जण हसले. १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पलटण चॅम्पियन झाली. पुढच्या सीझनला हरियाणाने त्यालाच २.०७ कोटींना नेलं आणि तेही चॅम्पियन. मग २०२५ मध्ये गुजरात जायंट्सने २.२३ कोटी मोजले आणि टीम प्लेऑफपर्यंतसुद्धा पोचली नाही. माणूस तोच. कोपरा तोच.

पलटणच्या त्या विजयात मला जास्त इंटरेस्ट वेगळ्याच गोष्टीत आहे. एका माणसावर जवळपास निम्मे पैसे उडवणं त्यांना परवडलं, कारण बाकीची टीम बरीचशी स्वतः घडवलेल्या पोरांची होती. कॅप्टन अस्लम इनामदार आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातला, आताच्या अहिल्यानगरचा. तोही नवोदित म्हणूनच या लीगमध्ये आला. नवोदितांच्या कोट्यातल्या पोरांवर बोली लागत नाही, टीम थेट करार करते. म्हणजे तिथे टीव्हीवरचे आकडे कामाचे नाहीत. कुणीतरी कुठल्यातरी मैदानावर जाऊन डोळ्यांनी बघावं लागतं. आणि बघायला आलेल्या त्या माणसाने फक्त स्कोअरशीट मागितली, तर कोपऱ्यातल्या पोराची गाडी तिथेच चुकते. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराकडे अशा गाड्या फार नसतात. गुडघा एकदा गेला की संपलं, आणि घरचे 'पोलीस भरतीचा फॉर्म भर' म्हणून मागे लागलेलेच असतात.

परवा सिडकोतल्या एका मैदानावर मंडळाची स्पर्धा चालू होती. म्हटलं, आपणच करून बघू. पहिल्या हाफमध्ये चढाईपटूकडे बघायचंच नाही, नजर फक्त डाव्या कोपऱ्यावर. सुरुवातीला फार जड गेलं, डोळे आपोआप पळणाऱ्याच्या मागे जातात. निळ्या जर्सीतला किडकिडीत पोरगा होता, गुडघ्याला क्रेप बँडेज. मी एसएमएस ड्राफ्टमध्ये नोंदी घेत होते. बोनसचा पाय सहा वेळा मागे घ्यायला लावला. दोनदा झेपावला, एकदा फसला. चढाईपटूंनी हळूहळू त्याच्या बाजूला जाणंच सोडलं, सगळे उजवीकडे जायला लागले. उजव्या कोपऱ्यातल्या दांडग्याने मग चार पकडी केल्या आणि त्याच्या नावाने शिट्ट्या पडल्या.

रात्री दादाला सगळं सांगितलं. त्याने पहिला प्रश्न काय विचारावा?

''पोराच्या नावावर पकडी किती?''

''एक,'' मी म्हटलं. ''तुझा पिवळा रकाना उघड आधी.''