घुमा की विचारी? धंद्यात माणसाचे माप

कारागीर एक कारखाना सोडून दुसरीकडे काम मागायला गेला की नवा मालक जुन्याला विचारतो, "माणूस कसा आहे?" उत्तर एका शब्दात मिळते. 'घुमा आहे', 'बडबड्या आहे', 'हेकट आहे'. या एका शब्दावर त्याची रोजी ठरते. त्याचे काम कोणी पाहतच नाही.

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली माणसांचे अंतर्मुख आणि बहिर्मुख असे दोन प्रकार मांडले. एकाला शांततेत हुरूप येतो, दुसऱ्याला माणसांत. यात चांगला-वाईट असा भेद नव्हता. पुढे अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इसाबेल मायर्स यांनी याच विचारावरून सोळा प्रकारांची प्रश्नावली तयार केली. मायर्स यांच्या १९८० च्या पुस्तकाचे नाव 'गिफ्ट्स डिफरिंग', म्हणजे देणग्या निरनिराळ्या, असे आहे. मात्र या कप्प्यांनाही मर्यादा आहेत. बहुतेक माणसे दोन टोकांच्या मध्येच असतात आणि तोच माणूस काही आठवड्यांनी दुसऱ्या कप्प्यात जाऊ शकतो. ही चाचणी नोकरभरतीसाठी वापरू नये, असे ती प्रसिद्ध करणारेच सांगतात.

बाजारात समज असा की बोलका तोच विक्रेता. २०१३ साली ॲडम ग्रँट या अमेरिकन संशोधकाने फोनवरून विक्री करणाऱ्या ३४० जणांची कमाई तपासली. सर्वांत जास्त विक्री ना बोलक्यांची निघाली, ना अबोलांची. ती मधल्या स्वभावाच्या माणसांची होती. बोलावे केव्हा आणि ऐकावे केव्हा, हे त्यांना साधत असावे.

२०११ साली ग्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पिझ्झाच्या ५७ दुकानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कामगार सांगेल तेवढेच करणारे असतील तेथे बोलक्या प्रमुखाच्या दुकानाचा नफा सरासरीपेक्षा १६ टक्के जास्त होता. कामगार स्वतः सूचना करणारे असतील तेथे तशाच प्रमुखाच्या हाताखाली तो १४ टक्के कमी होता. म्हणजे स्वभाव वाईट नव्हता, जोडी जुळली नव्हती.

भागीदारीतही हेच घडते. पैसा जपणाऱ्याला दुसरा 'चिक्कू' म्हणतो आणि जोखीम घेणाऱ्याला पहिला 'उधळ्या' म्हणतो. वास्तविक पेढीला दोघांचीही गरज असते. एक भांडवल राखतो, दुसरा नवे गिऱ्हाईक आणतो.

याचा अर्थ दोष झाकावेत असा नाही. 'आळशी आहे' म्हणण्याऐवजी 'गेल्या महिन्यात तीनदा माल उशिरा दिला' असे सांगावे. हे खरे की खोटे तपासता येते आणि त्या माणसाला सुधारताही येते. दुसऱ्याचे वर्णन करताना एक कसोटी लावावी : हेच शब्द त्याच्या समोर उच्चारले तर 'होय, मी असाच आहे' असे तो म्हणेल काय? म्हणणार नसेल, तर शब्द बदलावा.