शिक्का कोणाच्या हातात?

गुणवत्तेचा विषय निघाला की आमच्या समाजापुढे एकच प्रश्न फेकला जातो. राखीव जागेवरून आलेला इंजिनियर पूल बांधील काय? जहाज बांधील काय? आणि त्याच तोंडाने सांगितले जाते की काम खासगी कंपनीकडे दिले म्हणजे गुणवत्ता आपोआप येते. हा प्रश्न विचारणाऱ्यांनी अमेरिकेच्या तटरक्षक दलाचे डीपवॉटर प्रकरण एकदा वाचावे, अशी आमची त्यांना विनंती आहे.

अमेरिकेचे तटरक्षक दल हे तेथील सशस्त्र दलांपैकी एक. त्याची जहाजे जुनी झाली होती. जून २००२ मध्ये संपूर्ण ताफा नवा करण्याचे कंत्राट लॉकहीड मार्टिन आणि नॉर्थ्रप ग्रुमन या दोन बड्या कंपन्यांच्या भागीदारीला देण्यात आले. आधी १७ अब्ज डॉलर्सची असलेली ही योजना पुढे २४ अब्जांवर गेली. पण खरी गोम रकमेत नव्हती. कोणते जहाज हवे, ते कोणाकडून बांधून घ्यायचे आणि बांधलेले योग्य आहे की नाही, हे ठरवण्याचे काम बऱ्याच अंशी कंत्राटदारांच्याच हाती गेले. परीक्षार्थीच्याच हाती लाल पेन्सिल दिली तर निकाल काय लागणार?

निकाल लवकरच लागला. ११० फुटी ४९ गस्ती नौका १३ फुटांनी लांबवून १२३ फुटी करायच्या होत्या. लुइझियानातील बॉलिंजर या जहाजकारखान्यात हे काम सुरू झाले. कोणतीही फळी लांब केली की ती मधोमध वाकण्याचा धोका वाढतो, हे सुताराच्या पोरालाही कळते. म्हणून सांगाडा किती ताण सोसेल याचे गणित आधी मांडावे लागते. २००२ साली कारखान्याने त्या बळकटीचा आकडा ५,२३२ घन इंच असा कळवला. लांबवलेली पहिली नौका ‘मॅटागोर्डा’. सप्टेंबर २००४ मध्ये आयव्हन चक्रीवादळापासून दूर जाताना तिच्या सांगाड्याचा पत्रा दुमडला. पुन्हा गणित केले तेव्हा आकडा निघाला २,६१५. म्हणजे सांगितल्याच्या निम्मा!

आठ नौका लांबवून झाल्यावर काम थांबले. ३० नोव्हेंबर २००६ रोजी तटरक्षक दलाचे प्रमुख अॅडमिरल थॅड अॅलन यांनी त्या आठही नौका सेवेतून बाजूला काढल्या. सुमारे ९ कोटी ६० लाख डॉलर्स पाण्यात गेले. सरकारने २०११ साली कारखान्यावर खोटी माहिती दिल्याचा दावा लावला. डिसेंबर २०१५ मध्ये ८५ लाख डॉलर्सवर तडजोड झाली, तीही दोष कबूल न करता. ज्या लोकशाहीचे गोडवे गायले जातात, तिथेही कंत्राटदाराचा हिशेब असा मिटतो.

हे कोणालाच दिसले नाही काय? दिसले होते. लॉकहीड मार्टिनमधील मायकेल डीकोर्ट या इंजिनियरला दिसले होते. नौकांवरच्या कॅमेऱ्यांना सगळीकडचे दिसत नाही, केबल आगीत जादा धूर करणारी आहे, बाहेर बसवलेली उपकरणे ठरलेल्या थंडीत टिकणारी नाहीत, असे त्यांनी वरिष्ठांना वारंवार सांगितले. कोणी ऐकेना, तेव्हा ऑगस्ट २००६ मध्ये त्यांनी यूट्यूबवर स्वतःच बोलून ते जगाला सांगितले. त्यांची नोकरी गेली. फेब्रुवारी २००७ मध्ये सरकारी महानिरीक्षकांच्या अहवालाने त्यांच्या प्रमुख तक्रारींना दुजोरा दिला.

आणि आणखी एकाला दिसले होते. त्याचे नाव आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावे : रिअर अॅडमिरल एरॉल ब्राऊन. हे तटरक्षक दलाचे वरिष्ठ अभियंता अधिकारी. मार्च २००४ मध्ये, म्हणजे ‘मॅटागोर्डा’ दुमडण्याच्या सहा महिने आधी, त्यांनी याच योजनेतील ४१८ फुटी मोठ्या जहाजाविषयी लेखी इशारा दिला. रचनेत गंभीर दोष आहेत, सांगाडा धोक्यात येऊ शकतो, ते दूर होईपर्यंत बांधणी सुरू करू नये, असा त्याचा आशय होता. योजना चालवणाऱ्यांनी तो बाजूला सारला. त्याच वर्षी काम सुरू झाले. पुढे काय झाले? पहिल्या दोन जहाजांना नंतर मजबुती द्यावी लागली आणि तिसऱ्यापासून रचनाच सुधारावी लागली.

एरॉल ब्राऊन हे तटरक्षक दलातले पहिले कृष्णवर्णीय अॅडमिरल. हे दल आपला जन्म १७९० सालचा मानते. पहिला कृष्णवर्णीय अॅडमिरल झाला १९९८ साली! मध्ये २०८ वर्षे गेली. त्या दलाच्या अकादमीतून पहिला कृष्णवर्णीय पदवीधर बाहेर पडला तो १९६६ साली. तिथे आपल्यासारखे आरक्षण नाही. पण नागरी हक्कांसाठी रस्त्यावर रक्त सांडले, तेव्हा कुठे ते दरवाजे किलकिले झाले.

कातडीच्या रंगातून सचोटी येते असे आम्ही म्हणत नाही. डीकोर्ट गोरे होते. आम्ही एवढेच म्हणतो की ज्यांना दोनशे वर्षे नालायक ठरवून दाराबाहेर ठेवले, त्यांच्यातला माणूस आत आला तेव्हा जहाजाचे गणित त्याने बरोबर वाचले, आणि गुणवत्तेचे ठेकेदार म्हणवणाऱ्यांनी ते डावलले. तरीही २१ जानेवारी २०२५ रोजी याच दलाच्या पहिल्या महिला प्रमुख अॅडमिरल लिंडा फॅगन यांना पदावरून दूर करताना, सर्वांना सामावून घेण्याच्या धोरणावर त्यांनी जादा भर दिला, हेही एक कारण सांगण्यात आले. दोष दाखवणारा बाजूला आणि दार उघडणाराही बाजूला, असा हा न्याय आहे.

आता आपल्याकडे पाहू. बाबासाहेबांनी आम्हाला माऱ्याच्या जागा पटकावण्यास सांगितले. आमची मुले शिकली, सरकारी कारखान्यांत, गोद्यांत, खात्यांत अधिकारी झाली. मुंबईचा माझगाव डॉक हा सरकारी कारखाना, तिथल्या भरतीला आरक्षण लागू आहे. पण मे २००१ मध्ये संरक्षण उत्पादनाचे दार खासगी भांडवलाला उघडले गेले, आणि खासगी गोदीला किंवा कंत्राटदाराला आरक्षणाचे बंधन नाही. आम्ही खुर्चीपर्यंत पोहोचतो आणि तोवर खुर्चीतले काम कंत्राटात बाहेर गेलेले असते. ब्राऊन यांच्याकडे पद होते, ज्ञान होते, लिहिण्याची हिंमत होती. नव्हता तो काम थांबवण्याचा अधिकार. घोटाळा उघड झाल्यावर अमेरिकेने २००७ साली योजनेची सूत्रे कंत्राटदारांकडून परत घेतली. ते शहाणपण फार महाग पडले.

संविधान कितीही चांगले असो, ते राबवणारे वाईट निघाले तर ते वाईटच ठरेल, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. त्याला जोडून आम्ही म्हणतो की राबवणारा चांगला असला, पण त्याच्या हातातला शिक्काच काढून घेतला, तर तो चांगुलपणा फायलीत पडून राहतो.

म्हणून यापुढे आमच्या कर्मचारी संघटनांनी फक्त किती जागा भरल्या एवढेच विचारू नये. तपासणी कोण करतो? नापास करण्याचा अधिकार कोणाला आहे? खरे लिहिणाऱ्या अधिकाऱ्याच्या पाठीशी कोण उभे राहणार? हेही विचारावे. आणि आमच्या अधिकारी बांधवांना आमचे सांगणे आहे : तोंडी बोलू नका, लेखी द्या, तारीख घाला, प्रत जपून ठेवा. ब्राऊन यांचा कागद त्या दिवशी हरला, पण तो होता म्हणूनच पुढे कोणाला आम्हाला माहीत नव्हते असे म्हणता आले नाही.

जयभीम!