दोन-दोन औषधं चालू, तरी मुलाची फिट थांबेना? मेंदूतली सूजही असू शकते कारण

लहान मुलाला फिट (मिरगी, आकडी) येत असेल तर बहुतेक वेळा औषधाने ती आटोक्यात येते. पण साधारण तीनपैकी एका रुग्णाला गोळ्या लागू पडत नाहीत. योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसमध्ये, न चुकता देऊनही फिट येतच राहिली, तर डॉक्टर तिला औषधाला दाद न देणारी मिरगी म्हणतात. अशा काही मुलांत शरीराची रोगप्रतिकारशक्तीच मेंदूत सूज आणत असते.

सूज आणि फिटचा संबंध काय?

पायात काटा मोडला की ती जागा लाल होते, सुजते. शरीराच्या राखणदार पेशी तिथं धावून येतात. मेंदूतही अशा पेशी असतात. जंतुसंसर्ग, डोक्याला मार किंवा मोठी फिट यामुळे त्या जाग्या होतात आणि सूज वाढवणारी रसायनं सोडतात. त्या वेळेत शांत झाल्या नाहीत तर मेंदू लवकर भडकतो आणि फिट येते. फिट आली की पुन्हा सूज. नेहमीच्या गोळ्या फिट दाबतात, पण ही सूज उतरवत नाहीत.

ही लक्षणं ओळखा

- तीन महिने ते एक वर्षाचं बाळ झोपेतून उठल्यावर एकामागून एक झटके देत पुढं वाकतं. घरच्यांना वाटतं, पोट दुखतंय. हा वेस्ट सिंड्रोम असू शकतो. त्यात स्टिरॉइड किंवा एसीटीएच इंजेक्शन देतात. उशीर झाला तर बाळाची वाढ मागे पडते.
- चांगलं मूल अचानक विचित्र वागू लागतं, बोलणं बंद होतं, तोंड वेडंवाकडं हलतं, फिट येते. लोक बाहेरची बाधा समजून देवऋषीकडे नेतात. असं एका प्रकारच्या मेंदूदाहातही होतं. वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक मुलं सुधारतात.
- एकच हात किंवा पाय सतत उडतो आणि हळूहळू लुळा पडतो. रासमुसेन आजारात असं होतं. त्यात मेंदूची एकच बाजू सुजते. कधी ऑपरेशन करावं लागतं.

पालकांनी काय करावं?

फिट येताना मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. जवळ दुसरं कोणी असेल तर त्याला मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा. डॉक्टरांना तो फार उपयोगी पडतो. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर थेट दवाखाना गाठा.

दोन औषधं फेल गेली असतील तर मुलांच्या मेंदूरोगतज्ज्ञाकडे पाठवण्याची चिठ्ठी मागा. तिथं ईईजी, एमआरआय आणि गरज पडली तर पाठीतल्या पाण्याची तपासणी होते.

प्रत्येक मुलात कारण सूजच असेल असं नाही. जन्मावेळी मेंदूला प्राणवायू कमी पडणं, मेंदूच्या रचनेतला दोष, अनुवंशिकता हीही कारणं असतात. त्यामुळे मेडिकलमधून स्टिरॉइड परस्पर आणून देऊ नका; त्याने अंगातला टीबीसारखा आजार उफाळू शकतो. आणि चालू असलेली फिटची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका.