विद्यार्थी-गायकाचा आवाज

गोड गळा ही देवाची देणगी, असे आपण म्हणतो. म्हणणे खोटे नाही. पण देणगी म्हटली की ती सांभाळावीही लागते, ही गोष्ट मात्र राहून जाते. तंबोऱ्याची तार तुटली तर दुसरी चढविता येते. गळ्यातल्या तारेची तशी सोय नाही.

कंठमण्याच्या मागे स्वरयंत्र असते व त्यात दोन लहानशा घड्या समोरासमोर असतात. त्यांनाच स्वरतंतू म्हणतात. त्यांची लांबी प्रौढ पुरुषात सुमारे दोन सेंटिमीटर, स्त्रियांत त्याहून कमी. फुप्फुसांतून येणाऱ्या हवेने ते थरथरतात. बोलताना पुरुषाचे सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा, स्त्रीचे दोनशेच्या आसपास. आवाज मोठा होतो तो श्वास सांभाळून सोडल्याने, गळा आवळल्याने नव्हे. मानेच्या शिरा फुगवून, हनुवटी वर करून एखादा मुलगा तार षड्ज लावतो तेव्हा टाळ्या पडतात खऱ्या. पण तो त्या वेळी भांडवल मोडून खात असतो.

आता पट्टीचे पाहू. जालना, अंबड, परतूर कुठेही पाहा, गाण्याच्या वर्गात बहुधा पेटी एक आणि पट्टीही एक. दहा-बारा मुलेमुली बसतात आणि सर्वांचा षड्ज गुरुजींच्या सोयीने ठरतो. वस्तुतः पुरुषांना साधारण काळी एक ते पांढरी दोन, स्त्रियांना काळी चार ते काळी पाच सोयीची पडते. मुलांचे तर प्रत्येकाचे निराळे. आमच्या मते कसोटी सोपी आहे: मंद्र पंचम स्पष्ट ऐकू यावा आणि तार गंधार न ओरडता लागावा, असा षड्ज त्या मुलाचा. सप्ताहातल्या भजनाची पट्टी चढी असते. तिथे मुलांनी मोठ्यांच्या बरोबरीने गळा ताणू नये, हेही घरच्यांनी पाहावे.

खरा प्रश्न येतो बाराव्या ते पंधराव्या वर्षांच्या दरम्यान. मुलाचे स्वरयंत्र वाढते आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. मुलीचाही उतरतो, पण दोन-तीन स्वरच, म्हणून ते ध्यानात येत नाही. याला आपण 'आवाज फुटला' म्हणतो. शब्दच वाईट! फुटलेले मडके लोक टाकून देतात, तसे कित्येक घरांत या सुमारास मुलाचे गाणेच सुटते. काही शिक्षक याच्या उलट करतात: जुनी पट्टी सोडत नाहीत आणि नव्या गळ्यावर जुने ओझे लादतात. दोन्ही चूक. या काही महिन्यांत षड्ज उतरवावा, मध्य सप्तकात हलक्या आवाजाने थोडाच वेळ गाऊन घ्यावे. उरलेल्या वेळात ताल आणि भरपूर ऐकणे. खर्जाचा रियाजही दाबून केला तर अपायच करतो.

या विषयाचा आपल्याकडे शास्त्रीय अंगाने विचार केला तो प्रा. बी. आर. देवधरांनी (१९०१–१९९०). ते विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. त्यांनी पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केला आणि १९२५ साली मुंबईत आपली संगीतशाळा काढली. बालगायक म्हणून गाजलेले कुमार गंधर्व अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्याकडे आले. म्हणजे आवाज बदलण्याचा नाजूक काळ त्यांनी या शाळेत काढला. पुढे क्षयाने त्यांचे एक फुप्फुस निकामी झाले, तरी उरलेल्या श्वासाला मानवेल अशी आपली गायकी त्यांनी उभी केली. देवधरांचे हे काम डॉ. अशोक दा. रानडे (१९३७–२०११) यांनी पुढे नेले.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचे एक सत्र नेमके एप्रिल-मेमध्ये येते. त्या दिवसांत आपल्याकडे पारा चाळीशीपार, हवा कोरडी आणि धूळ बारमाही. मुलांनी दिवसभर थोडे थोडे पाणी पीत राहावे. ज्येष्ठमध, खडीसाखर अवश्य चघळावी; घशाला बरे वाटते. पण गिळलेला पदार्थ अन्ननलिकेत उतरतो, तो स्वरतंतूंना शिवतही नाही, हे लक्षात असावे. आवाज दोन-तीन आठवडे घोगरा राहिला तर काढे करीत बसू नये, कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवावे. ओरडण्याने मुलांच्या स्वरतंतूंवर बारीक गाठी येतात. बहुतेक वेळा त्या विश्रांतीने व योग्य शिक्षणाने, शस्त्रक्रियेवाचून, बऱ्या होतात. अशा मुलाला परीक्षेच्या तारखेसाठी गायला लावू नये. पुढचे सत्र हिवाळ्यात असते.