गंगाफळाचा जुना वेल वेळेवर काढा

ऑक्टोबरचे ऊन तापू लागले की खानदेशात परसातले आणि बांधावरचे गंगाफळाचे वेल थकतात. कोणी त्याला डांगर म्हणते, कोणी लाल भोपळा, जिन्नस एकच. बुडाकडची पाने पिवळी पडतात, त्यांवर पांढरी भुरी चढते. मोठी फळे घरात आलेली असतात. शेंडा मात्र हिरवा असतो आणि त्याला मुठीएवढी दोन फळे लागलेली असतात. त्या दोन फळांच्या आशेने आपल्या आया-बहिणी वेल तसाच राहू देतात. दिवाळी होऊन जाते, फळे काही वाढत नाहीत, आणि वेलाभोवती कमरेएवढे गवत माजते.

एवढ्याशा वेलाने कोणाचे काय बिघडणार, असे वाटणे साहजिक आहे. पण जळगाव जिल्ह्यात रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात त्याने बरेच बिघडते. तिथे २०२० च्या पावसाळ्यात कुकुंबर मोझॅक व्हायरस, म्हणजे सीएमव्ही या रोगाने थैमान घातले आणि पुढेही तो येत राहिला. केळीच्या पानांवर पिवळे पट्टे पडतात, पाने आखडतात, पोंगा सडतो. त्यावर औषध नाही. रोगट झाड उपटून टाकणे एवढेच हाती राहते. लोकांनी उभ्या बागा उपटल्या. बाग गेली की मालक कर्जात जातो हे खरे. पण त्या बागेतली निंदणी, घडांची कापणी, गाडी भरणे हे सारे रोजही बुडतात, आणि बुडालेल्या रोजाचा पंचनामा कोणी करत नाही.

रोगाच्या नावातच काकडी आहे. काकडी, गंगाफळ, दोडका, कारले यांच्या वेलांवर आणि कित्येक तणांवर तो मुक्काम करतो. मावा रोगट वेलाचा रस शोषतो, उडून केळीच्या कोवळ्या पानावर बसतो, आणि तेवढ्यात रोग पोहोचलेला असतो. म्हणून पूर्ण वाळलेल्या वेलापेक्षा अर्धा हिरवा वेल जास्त घातक. त्यात केळीची कांदेबाग लावायचे दिवसही हेच. लहान रोपे शेतात येतात आणि बांधावर जुना वेल रोग घेऊन पसरलेला असतो. धुळ्याकडे केळी कमी, पण दोंडाईचा भागातल्या मिरचीलाही हा रोग लागतो.

तेव्हा वेल काढायचाच. पण हात घालण्याआधी काठीने पाला आपटा आणि वेल काठीनेच उचला. पावसाळाभर दाट राहिलेल्या वेलाखाली विंचू असतो, घोणस असते, मण्यार असते. साप चावलाच तर दोरी आवळू नये, चिरा देऊ नये, भगताकडे वेळ घालवू नये. हातपाय न हलवता थेट सरकारी दवाखाना गाठावा.

आधी राहिलेली पक्की फळे उतरवा. सालीत नख रुतले नाही आणि देठ वाळून लाकडासारखा झाला की फळ पक्के समजावे. चार बोटे देठ ठेवून विळ्याने कापा. देठ तुटलेले फळ त्याच ठिकाणी सडू लागते. कोरड्या, वारा लागणाऱ्या जागी कडब्यावर ठेवलेले चांगले फळ चार-सहा महिने टिकते. सडकी, अळी पडलेली फळे उकिरड्यावर फेकू नका. फळमाशीची अळी फळातून निघून मातीत कोष करते आणि पुढच्या वेलांवर तीच माशी बसते. दोन फूट खड्डा करून ती गाडावीत. उपटलेला हिरवा वेल शेजाऱ्याच्या बांधावर टाकू नये, कारण वेल कोमेजला की मावा तिथून दुसरे झाड शोधतो. त्याच दिवशी गाडून टाका. नंतर जमीन कुदळीने उलटी करून उन्हात तापू द्या.

आता तणाचे. लव्हाळा वरून ओढला तर काहीच साधत नाही. खालच्या गाठी खणून काढाव्या लागतात. घोळ, तांदुळजा कोवळा असेल तर सरळ भाजीच्या टोपलीत. खरा वैरी गाजर गवत. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात दिसले आणि पाहता पाहता देशभर गेले. एका झाडाला हजारो बिया धरतात, म्हणून फुलावर येण्याआधी मुळासकट उपटायचे. निंदणाऱ्या बायांच्या हातांना, मानेला खाज सुटते, कातडी जाड व काळी पडते, काहींना दमाही होतो. पुष्कळ बाया याला ‘उष्णता’ समजून अंगावर काढतात. ही उष्णता नव्हे. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, तोंडाला रुमाल बांधा, हातमोजे नसतील तर निदान प्लॅस्टिकच्या पिशव्या हातांवर बांधा. फुलावर आलेले गाजर गवत खताच्या खड्ड्यात टाकू नका.

आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. रोगाची भीती बसल्यापासून काही ठिकाणी मालक संध्याकाळी सुट्टीच्या वेळी सांगतात, ‘जाता जाता बांधावरचे वेल काढून टाका.’ बांध मालकाचा, बाग मालकाची. मग ही निंदणीच झाली आणि तिचा रोजही हिशेबात धरला पाहिजे. बांधावर वेल आपण स्वतः लावला असेल तर गोष्ट वेगळी. तो आपणच वेळेवर काढावा. पुढच्या वर्षी मात्र केळीपासून लांब, घराच्या परसात लावावा.

त्यासाठी बी आत्ताच धरा. वेल शेवटपर्यंत निरोगी होता, पानांवर पिवळे-हिरवे ठिपके आले नाहीत, अशाच वेलाचे पक्के फळ निवडा. बी धुऊन सावलीत वाळवा आणि राखेत घोळून डब्यात ठेवा. मोकळ्या झालेल्या जागेत पुन्हा वेलवर्गातले काही नको. मेथी, पालक, कोथिंबीर टाका. सांडपाण्यावरही येते, आणि महिनाभरात मेथीची पहिली जुडी घरात येते.